गैरहजर दिवसाचा उच्चांक

संख्याशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला गर्दीची सवय असते. चारशे रुग्ण, दोन हजार शेतकरी कुटुंबं, तालुक्यातल्या सगळ्या शाळा. एवढ्या गर्दीत कुणी वयाच्या रकान्यात ३४ऐवजी ४३ लिहिलं तरी सरासरी जागची हलत नाही, आणि आपणही ते फारसं मनाला लावून घेत नाही. पोत्यात एखादा खडा निघाला तर चालतं, घासात निघाला तर दात जातो. अलीकडे माझ्याकडे येणारं काम बहुतेक घासातलंच असतं, एकाच मुलाच्या अभ्यासाचं.

मी बेळगावात शिकवतो. विशेष शिक्षण, स्पीच थेरपी, मानसशास्त्र अशा विषयांत प्रबंध लिहिणारी मुलंमुली आणि खानापूर-निपाणीकडच्या शाळांतून फिरणाऱ्या शिक्षिका माझ्याकडे फाइली घेऊन येतात. ‘सर, डेटा फक्त सॉफ्टवेअरमध्ये घालून द्या, बाकीचं मी बघते,’ असं ठरलेलं वाक्य असतं. घालून देणं हे जणू हमालीचं काम, आणि खरं संशोधन त्याच्यानंतर सुरू होणार! एकाच मुलाच्या अभ्यासात माझा अनुभव बरोबर उलटा आहे. फाइल नीट आत गेली की उरलेली आकडेमोड अर्ध्या तासाची. नीट आत गेली नाही, तर पुढचं सगळं देखणं आणि खोटं.

एकाच मुलाचा अभ्यास म्हणजे ‘आमच्या शाळेतल्या एका मुलाची गोष्ट’ नव्हे. त्याला शिस्त असते. सुरुवातीचे काही दिवस नुसतं मोजायचं, काही करायचं नाही. हा ‘ए’ टप्पा. मग उपाय सुरू करायचा आणि त्याच पद्धतीने मोजत राहायचं, तो ‘बी’. जमेल तिथे उपाय थांबवून, पुन्हा सुरू करून बघायचं. वाचायला शिकवल्यासारख्या गोष्टीत ते जमत नाही, कारण एकदा आलेलं वाचन परत कसं काढून घेणार? तिथे तीन मुलं घ्यायची आणि तिघांचा उपाय वेगवेगळ्या दिवशी सुरू करायचा. ज्याचा त्याचा आलेख ज्याच्या त्याच्या दिवशीच वर वळला, तर श्रेय उपायाला देता येतं. मुलाची तुलना वर्गाशी होत नाही, त्याच्याच कालच्या स्वतःशी होते.

ही पद्धत नवी नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउसने अर्थहीन अक्षरगट पाठ करून स्मरणशक्ती मोजली, ती एकाच माणसाची, म्हणजे स्वतःची; त्याचं पुस्तक १८८५ सालचं. पुढे वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या बी. एफ. स्किनरच्या प्रयोगशाळेत फिरत्या कागदावर पेन आपोआप रेघ ओढत असे, तिथे कुणाला टाइप करायची वेळच येत नव्हती. मला गंमत वाटते ती १९६८ सालाची. त्या वर्षी ‘जर्नल ऑफ अप्लाइड बिहेव्हिअर ॲनॅलिसिस’ सुरू झालं. बेअर, वुल्फ आणि रिस्ली यांचा वर्तनाच्या उपयोजित अभ्यासाच्या या शाखेची चौकट आखून देणारा लेख त्याच्या पहिल्याच वर्षातला. आणि त्याच वर्षी स्टॅनफर्डमध्ये एसपीएसएस हे संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर तयार झालं, सामाजिक शास्त्रांतल्या मोठ्या पाहण्यांसाठी. एकीकडे एकेका माणसाकडे रोज बघणारी माणसं, दुसरीकडे हजार माणसांकडे एकदाच बघणारं यंत्र. दोघांची गाठ पुढे पडायची होती आणि ती अजून नीट बसलेली नाही. आजही आमच्याकडची मुलं एसपीएसएस शिकूनच येतात. ‘एक माणूस, एक ओळ’ हे त्यांच्या हाडात भिनलेलं असतं.

इथे मात्र एक ओळ म्हणजे एक दिवस. वही बहुधा हजेरीपटाच्या चालीवर आखलेली असते: डावीकडे मुलाचं नाव, पुढे आडव्या तारखा, तारखेखाली आकडा. सॉफ्टवेअरला हे उभं लागतं. संख्याशास्त्राचं ‘आर’ नावाचं दुसरं सॉफ्टवेअर आहे, त्यामध्ये युर्गेन विल्बर्ट यांनी लिहिलेलं ‘स्कॅन’ नावाचं पॅकेज खास एकल-व्यक्ती अभ्यासासाठी आहे. त्याचं मागणं थोडकं असतं: मुलाची ओळख सांगणारा एक रकाना, टप्प्याचा एक, मोजमापाचा एक, आणि जमलं तर मोजणीच्या वेळेचा एक. या चार रकान्यांत वही बसवायची. ऐकायला दहा मिनिटांचं काम.

खानापूर तालुक्यातल्या एका बाईंची वही घेतो. मुलगा चौथीतला, मराठी माध्यमाचा, वाचनात फार मागे. मोजायचं काय, तर एका मिनिटात बरोबर वाचलेले शब्द. आकडे मी इथे बदलून घेतले आहेत, पण त्यांचा स्वभाव तोच ठेवला आहे. उपायाआधीचे पाच दिवस: ११, १३, १२, १४, १२. उपाय सुरू झाल्यावरचे सात: १३, १७, १६, मग एक आडवी रेघ, मग १९, १८, २१.

ही आडवी रेघ माझ्या टेबलावर आली तेव्हा ती शून्य झालेली होती. टाइप करून देणाऱ्याला वाटलं, आकडा नाही म्हणजे शून्य. त्याचं तर्कशास्त्र दुकानाच्या हिशेबवहीत बरोबर ठरलं असतं. मी बाईंना फोन लावला.

‘त्या दिवशी शून्य शब्द वाचले का त्याने?’

‘आलाच नव्हता की ओ सर तो. तिकडं पाऊस किती लागला होता. ओढ्याला पाणी चढलं की त्या वाडीवरचं एक पोर शाळेत पोचत नाही.’

कणकुंबीकडच्या त्या पट्ट्यात, जिथे मलप्रभा उगम पावते, पावसाळ्यात हे नेहमीचंच. म्हणजे शून्य नव्हे, नोंद नाही. पण मी वहीची मागची पानं मागवली तेव्हा दिसलं की बाई रेघ तीन कारणांनी ओढतात. मुलगा आला नाही तर रेघ. आला, पण बाईंनाच तालुक्याच्या शिक्षणाधिकाऱ्यांच्या (बीईओ) ऑफिसात मीटिंगला जावं लागलं, तरी रेघ. आणि मुलगा आला, बसला, पुस्तक समोर ठेवलं आणि मिनिटभर तोंडच उघडलं नाही, तरी रेघच. पहिल्या दोन रेघा म्हणजे मोजमाप झालं नाही. तिसरी रेघ मात्र खरंखुरं शून्य आहे, आणि मानसशास्त्राच्या अंगाने बघितलं तर कदाचित अख्ख्या वहीतली सगळ्यात महत्त्वाची नोंद. वहीत तिघींचा तोंडावळा एकच. त्यांना वेगळं करणारं जगात एकच माणूस, आणि ते कुठल्याच फाइलमध्ये नाही. बाईंना आठवतंय तोवरच हे काम होऊ शकतं. परीक्षा, बदली आणि दसऱ्याची सुट्टी मध्ये पडली की गेलं.

या एका रेघेने काय होतं ते बघा. पार्कर आणि व्हॅनेस्ट यांनी २००९ साली सुचवलेलं ‘नॅप’ नावाचं एक माप आहे. आधीच्या प्रत्येक दिवसाची नंतरच्या प्रत्येक दिवसाशी जोडी लावायची. नंतरचा आकडा वरचढ असेल तर पूर्ण गुण, बरोबरी असेल तर अर्धा, कमी असेल तर काही नाही. आलेल्या गुणांना जोड्यांच्या संख्येने भागायचं. कागद-पेन्सिलीने होतं, म्हणून मला ते आवडतं. रेघेचा दिवस वगळला तर पाच गुणिले सहा, तीस जोड्या. १७, १६, १९, १८, २१ हे पाचही आकडे आधीच्या सगळ्यांना मागे टाकतात, त्यांचे पंचवीस गुण. उपायाच्या पहिल्या दिवसाचे १३ मात्र तिघांच्या पुढे, एकाशी बरोबरीत आणि एकाच्या मागे, म्हणजे साडेतीन. साडेअठ्ठावीस भागिले तीस: ०.९५. आता रेघेच्या जागी शून्य ठेवा. जोड्या पस्तीस, गुण तेवढेच. माप ०.८१वर येतं. उपायाच्या टप्प्याची सरासरी सव्वासतराच्या थोडी वर होती, ती पंधराच्या खाली घसरते. बाईंनी घाम गाळून शिकवलेलं, ओढ्याच्या पाण्याने नेलं.

दुसऱ्या बाजूची ओढही असते, तीही सांगायला हवी. अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या ‘व्हॉट वर्क्स क्लिअरिंगहाउस’ने २०१० साली एकल-व्यक्ती अभ्यासांसाठी निकष काढले. त्यांत एका टप्प्यात किमान पाच मोजमापं असली तर पूर्ण मान्यता, तीन-चार असली तर ‘सशर्त’. आमच्याकडचे मार्गदर्शक हा पाचाचा आकडा पाठ करून असतात. टप्प्यात पाचच दिवस आणि त्यात एक रेघ, अशी वेळ आली की विद्यार्थी माझ्याकडे बघतात. ‘आदल्या दिवसाचाच आकडा टाकला तर चालेल का सर?’ मी नाही म्हणतो. त्यांना ते आवडत नाही. मलाही त्यांची अडचण कळते. पावसावर कुणाचा इलाज आहे?

पण शून्याची चूक निदान दिसते. आलेख एकदम तळाला जातो आणि कुणीतरी विचारतं, हे काय? खरी गंमत पुढच्या प्रकारात आहे. तो मी एका कॉलेजच्या लॅबमध्ये पाहिला. तिथल्या संगणकांवर आरची जुनी आवृत्ती होती. फाइल हीच, फक्त टाइप करणारी मुलगी काळजी घेणारी, तिने रेघेच्या जागी प्रामाणिकपणे ‘गै’ लिहिलं होतं. गैरहजर.

रकान्यात एक जरी अक्षर आलं की आरच्या दृष्टीने तो आकड्यांचा रकाना राहत नाही, अख्खा रकाना मजकूर होतो. २०२० सालच्या ४.०.० आवृत्तीपर्यंत आर अशा मजकुराचे आपणहून ‘गट’ करत असे: वेगवेगळी मूल्यं वर्णक्रमाने लावायची आणि त्यांना आतून क्रमांक द्यायचे. ११ला पहिला क्रमांक, १२ला दुसरा, १३ला तिसरा, १४ला चौथा, १६ला पाचवा, असं करत २१ला नववा. आकडे संपले की अक्षरं येतात, म्हणून ‘गै’ला दहावा. आता तुम्ही या रकान्याला म्हणालात, ‘बाबा, पुन्हा आकडे हो,’ तर तो मूळचे आकडे देत नाही, हे क्रमांक देतो. मुलाचं वाचन झालं १, ३, २, ४, २, आणि मग ३, ६, ५, १०, ८, ७, ९. गैरहजर दिवशी मुलाने उच्चांक गाठला!

हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही, कारण या फाइलीत ते कुणाच्याच लक्षात येत नाही. सगळे आकडे दोन अंकी असल्यामुळे त्यांचा आपसातला क्रम बिघडत नाही. आलेख छान वर चढतो. नॅप काढलं तर ०.९६, म्हणजे खऱ्या ०.९५च्या इतकं शेजारी की शंका यायला जागाच नाही. गाईड खूश, मुलगी खूश. मी फक्त उभ्या अक्षावर बोट ठेवलं. चौथीतला मुलगा मिनिटाला दोन शब्द वाचत होता तर वहीत बारा का लिहिलेत? तेवढ्यावरून सगळं उलगडलं. नव्या आवृत्तीत ही खोड गेली आहे. आता मजकूर मजकूरच राहतो, आणि त्याचे आकडे करायला गेलं तर ‘गै’च्या जागी रिकामी नोंद येते, वर इशारा मिळतो. पण लॅबमधलं सॉफ्टवेअर कधी नवं होतं हे ज्याने कॉलेजात नोकरी केली त्याला सांगायला नको.

असल्या खोड्यांकडे बघताना माझ्या एक गोष्ट लक्षात आली. सॉफ्टवेअर फाइल उघडताना गप्प नसतं, ते अंदाज बांधतं. हा आकड्यांचा रकाना, ही तारीख, हे हो-नाही. हे अंदाज गर्दीवर बेतलेले असतात. गर्दीत दहा प्रकारची मूल्यं असतात, त्यामुळे अंदाज बरोबर येतो. माणूस एकच असला की रकान्यात एकच मूल्य खालपर्यंत उतरलेलं असतं, आणि तिथे अंदाज फसतो. याचा सगळ्यात झणझणीत नमुना लिंगाच्या रकान्यात सापडतो. मुलगा असेल तर ‘एम’, मुलगी असेल तर ‘एफ’ लिहायची आपली पद्धत. शंभर जणांच्या फाइलीत ‘एम’ही असतात, ‘एफ’ही असतात, आर त्याला मजकूर समजतो आणि सगळं सुरळीत होतं. अभ्यास एकाच मुलीचा असेल तर रकान्यात वरपासून खालपर्यंत नुसतं ‘एफ’. आरच्या लेखी ‘टी’ म्हणजे सत्य आणि ‘एफ’ म्हणजे असत्य. फाइल उघडली की प्रत्येक ओळीत ‘असत्य’ छापून येतं. मुलगी म्हणजे असत्य! सीमाभागातल्या कुठल्याही आजीला हा निकाल ऐकवला असता तर तिला नवल वाटलं नसतं, ही वेगळी गोष्ट.

तसंच आद्याक्षरांचं. मुलाचं नाव लपवायचं म्हणून आपण संक्षेप वापरतो. ज्या मुलाची आद्याक्षरं ‘एन’ आणि ‘ए’ अशी येतात, तो मुलगा आरमध्ये पोचतच नाही, कारण ही दोन अक्षरं तिथे ‘नोंद उपलब्ध नाही’ याची खूण आहेत. म्हणून मी सगळ्यांना मुलांची नावं झाडांवरून ठेवायला सांगतो. फणस, जांभूळ, करवंद. मुलांनाही आवडतं.

आपल्या भागात याच्यावर लिपीचा आणखी एक थर बसतो. बाईंचे शेरे मराठीत, शाळेचं रजिस्टर कानडीत, प्रबंधाचं कोष्टक इंग्रजीत. एका मुलीच्या फाइलीत ‘गै’ दोनदा होतं, एकदा देवनागरीत आणि एकदा कानडी लिपीत. कानडीतही गैरहजराला जवळपास तोच शब्द, त्यामुळे वाचणाऱ्या आमच्यासारख्याला फरकच जाणवत नाही. यंत्राला मात्र ती दोन वेगळी मूल्यं. गावाच्या रकान्यात बेळगाव, बेलगाम आणि २०१४नंतरचं बेळगावी अशी तीन शहरं निघतात, आणि आमचा वाद सर्वोच्च न्यायालयात असला तरी फाइलीपुरता निकाल मलाच द्यावा लागतो. (मी तिथे पिनकोड घालतो. कुणाचीच हरकत येत नाही.)

आकडे देवनागरीत टाइप केलेले असले तर आर ते घेत नाही. या लेखातले आकडे जसेच्या तसे त्याच्यापुढे ठेवले तर एकूणएक रिकाम्या नोंदी होतील. पायथन (आरसारखीच एक संगणकभाषा) या बाबतीत मोकळ्या मनाचा आहे. देवनागरीतले बारा त्याला पूर्णांक करायला सांगितले तर तो बिनतक्रार बारा म्हणतो. युनिकोडपूर्व फॉन्टांत टाइप केलेल्या जुन्या फाइलींची तर गोष्टच सोडा, तिथे पडद्यावर मराठी दिसते ती केवळ फॉन्टाच्या कृपेने, आत रोमन अक्षरांचा भुगा असतो. त्या मी सरळ पुन्हा टाइप करून घेतो. एक्सेलमधून साध्या सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या मजकुराच्या फाइलीत) जतन केलं की देवनागरीच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं उरतात आणि ती मागे वळवता येत नाहीत. जतन करतानाच यूटीएफ-८चा, म्हणजे सगळ्या लिप्या सांभाळणाऱ्या पद्धतीचा, पर्याय निवडावा लागतो. तो निवडला की फाइलीच्या तोंडाशी एक अदृश्य खूण बसते आणि कधीकधी पहिल्या रकान्याच्या नावाला चिकटते. मग सॉफ्टवेअर म्हणतं, मुलाच्या ओळखीचा रकाना सापडत नाही, आणि तो तर डोळ्यांसमोर असतो! नवीन माणूस इथे तासन्‌तास अडकतो. फाइल वाचताना ‘यूटीएफ-८, खुणेसकट’ असं सांगितलं की सुटतं.

तारखांवर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण एकाच मुलाच्या अभ्यासात तारीख म्हणजे कणा. गर्दीच्या अभ्यासात ओळींचा क्रम पत्त्यांसारखा पिसला तरी उत्तर तेच येतं. इथे क्रम गेला की अभ्यासच गेला. आपण दिवस आधी लिहितो, महिना नंतर. संगणकाची मांडणी अमेरिकन असेल तर तो उलटं वाचतो, आणि तेही अर्धंच. बारा तारखेपर्यंतचे दिवस तो महिना समजून निमूट उलटवतो, तेरापासून पुढे असा महिनाच नसल्यामुळे ते मजकूर म्हणून तसेच सोडतो. म्हणजे १ नोव्हेंबर झाला ११ जानेवारी. आमच्याकडे १ नोव्हेंबर ही तारीख कुणी इतक्या सहज विसरत नाही. कुणाचा राज्योत्सव, कुणाचा काळा दिवस. पण संगणकाने तो कसलाही मोर्चा न काढता थंडीत नेऊन ठेवला. जनुकांची नावं एक्सेलमध्ये तारखा होतात म्हणून शास्त्रज्ञांनी २०२० साली चक्क जनुकांचीच नावं बदलली. आपल्याला १ नोव्हेंबर बदलता येत नाही. तेव्हा वर्ष आधी, मग महिना, मग दिवस, असं लिहायचं. या क्रमाचा दुसरा अर्थ लावायला यंत्राला सहसा जागा सापडत नाही.

तारखा शुद्ध झाल्या तरी एक निर्णय उरतोच. स्कॅनमध्ये वेळेचा रकाना दिला नाही तर ते आपलं १, २, ३ असे क्रमांक घालून मोकळं होतं. प्रत्येक दोन मोजमापांत सारखंच अंतर आहे असं धरून. आमच्याकडे तसं कधी नसतं. डीसींनी (जिल्हाधिकाऱ्यांनी) पावसाची सुट्टी जाहीर केली, गणपती आले, मग ऑक्टोबरात दसऱ्याची लांबलचक सुट्टी. समजा उपायाच्या टप्प्यात १६ आणि १९ यांच्या मध्ये पंधरा दिवस गेले. क्रमांकांच्या हिशेबात मुलाने एका पावलात तीन शब्दांची उडी मारली. तारखांच्या हिशेबात तीच चढण अगदी सौम्य, आणि शिवाय शाळा नसतानाची. ती वाढ बाईंच्या उपायाची म्हणायची, की सुट्टीत मामाच्या गावी कुणी गोष्टीचं पुस्तक हातात दिलं त्याची? तुकड्यातुकड्यांची रिग्रेशन (प्रत्येक टप्प्याच्या आकड्यांवर वेगळी सरळ रेषा बसवण्याची रीत) चालवली तर दोन्ही रीतींनी उतार वेगळा येतो. कुठली रीत बरोबर हे सॉफ्टवेअर सांगत नाही. मी स्वतः तारखांच्या बाजूचा आहे. वाचनाची सवय दिवसांनी मुरते, सत्रांनी नव्हे, असं मला वाटतं. पण मुलगा खुर्चीत किती वेळ टिकतो असलं काही मोजायचं असेल तर मी सत्रांचे क्रमांकच घेईन. आणि जे घेतलं ते प्रबंधात लिहायला लावेन.

टप्प्यांच्या नावांतही असाच एक छुपा सापळा आहे. विद्यार्थी मराठीत ‘सुरुवात’ आणि ‘उपाय’ लिहितात. साध्या रिग्रेशनमध्ये गट वर्णक्रमाने लागतात, आणि उ तर स-च्या कितीतरी आधी. मग तुलनेचा पाया उपाय ठरतो आणि मुलाची प्रगती उत्तरात उणे चिन्ह लावून येते. ए आणि बी ही नावं रूक्ष आहेत, पण त्यांच्याशी वर्णमालेचं भांडण नाही.

कधी फाइल नसतेच, जुन्या लेखातला छापील आलेख असतो. त्यासाठी अंकित रोहतगी यांचं ‘वेबप्लॉटडिजिटायझर’ आहे. अक्षांवर खुणा करायच्या, ठिपक्यांवर टिचकी मारायची, आकडे मिळतात. शब्द मोजलेले असले आणि ११.८७ आले तर बारा करायचे, एवढं तारतम्य मात्र आपलं.

एक गोष्ट मला जास्त सतावते, आणि तिच्यावर सॉफ्टवेअरकडे काहीच नाही. हजार जणांच्या फाइलीतून नाव काढलं की माणूस लपतो. एका मुलाच्या फाइलीतून नाव काढून काय होतं? तालुका खानापूर, अमुक वाडी, इयत्ता चौथी, वाचनाची अक्षमता. त्या वाडीवर चौथीत मुलं किती? दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६च्या कायद्यात एकवीस प्रकार आहेत, विशिष्ट अध्ययन अक्षमता त्यांतली एक. ती लिहिली की शिक्का बसतो, आणि वाडीवर शिक्का पुसत नाही. म्हणून फाइल आत घेतानाच मी गाव काढून टाकतो, इयत्ता ठेवतो, आणि तारखांमधून पहिली तारीख वजा करतो. पहिला दिवस शून्य, मग त्यापासून किती दिवस. अंतरं जशीच्या तशी राहतात, पाऊस-दसरा सगळं गणितात राहतं, फक्त ते कुठल्या सालचं हे कळत नाही. मूळ फाइल बाईंकडे.

या खानापूरच्या फाइलीत शेवटचा प्रश्न २१ या आकड्याचा होता. त्या दिवशी बाहेरून कुणी साहेब शाळा बघायला आले होते, मुलगा त्यांच्यापुढे जोरात वाचून गेला. बाई म्हणाल्या, काढून टाका, तो त्याचा रोजचा आकडा नव्हे. मी म्हटलं, राहू द्या, वाचले ते त्यानेच. बराच वेळ आमचं जमेना. मग मी पाचवा रकाना केला, ‘शेरा’ नावाचा. स्कॅन असले जादा रकाने बिनबोभाट वाहून नेतं, गणितात घेत नाही. तिथे त्या ओळीवर ‘पाहुणे होते’ असं लिहिलं आणि बाकीच्या ओळींसाठी वही बाईंच्या हातात दिली. त्यांनी तिथेच बसून पेन्सिलीने रेघा वेगळ्या करायला घेतल्या: आला नाही त्याला ‘गै’, मी नव्हते त्याला ‘मी’, गप्प बसला त्याला गोल शून्य. दोन रेघांपाशी अडल्या. म्हणाल्या, ‘ह्या दोन त्याच्या आईला विचारून सांगते.’